मामाचा तक्ता

पाथर्डी, ८ सप्टेंबर २०२५

चि. यशोधरास,
सहादूमामाचा सप्रेम जयभीम. फोनवर मी तापतो आणि तू साहेब आले म्हणून ठेवून देतेस, म्हणून पत्र.

आपल्या गावच्या एकेचाळीस पोरांची हंगामी वसतिगृहाची यादी तुझ्या कार्यालयाने परत पाठवली. का, तर वर्डमध्ये नाही! अगं, माझ्या टायपिंगच्या दुकानातला प्रोग्राम फुकट मिळतो, जुन्या मशीनवर पळतो, मराठी अक्षर जागचं हलत नाही. वर्डमध्ये बदलून धाडली तर रकाने कोलमडले, ते खापरही माझ्याच माथी.

दसरा झाला की टोळ्या उसाला निघतील. मंजुरी आली नाही तर पोरं आईबापांमागे फडावर जातील, शाळा सुटली ती सुटलीच. नातीचं नाव लागलं का न्हाई म्हणून चांगुणाबाई रोज उंबरा झिजवते. तिला काय वर्ड सांगू?

आहे तसाच लोभ ठेव, पण यादीचं बघ.
तुझा सहादूमामा

अहिल्यानगर, १३ सप्टेंबर

ती. मामांस,
सविनय जयभीम, वि. वि. राग बरोबर आहे, पण माझ्यावर काढून काय उपयोग? तुमचा प्रोग्राम कार्यालयात टाकू, दहा मिनिटांचं काम आहे, असं मी साहेबांना म्हटलं. ते म्हणाले, तेरा तालुके वर्डमध्ये पाठवतात, एकट्या पाथर्डीसाठी नवी सवय कोण लावून घेणार? चांगलं कोणतं, हे विचारलंसुद्धा नाही. फार चीड आली.

शेवटी रविवारी घरी बसून अख्खी यादी मी वर्डमध्ये पुन्हा टाइप करणार आहे. रकाने तुमचेच ठेवीन. मामीला सांगा, वेळेवर जेवते.
रागासकट तुमची,
यशोधरा

अहिल्यानगर, २६ सप्टेंबर

ती. मामांस,
सविनय जयभीम. एकेचाळीसही नावं मंजूर! आईबाप कोणत्या कारखान्यावर, मागे गावात कोण, सगळं एका पानावर पाहून साहेब खूश झाले. तुमचा तक्ता आता जिल्ह्याचा नमुना झाला आहे. यापुढे याद्या त्याच वर्ड फाईलमध्ये घेणार, दुसरी चालणार नाही. आनंद झाला आणि लाजही वाटली. फाईल मेल केली आहे. रागावू नका.
तुमची यशोधरा

पाथर्डी, ७ ऑक्टोबर

चि. यशोधरास,
सप्रेम जयभीम. टोळ्या गेल्या, पोरं राहिली. चांगुणाबाई शेंगा देऊन गेली, तुझा वाटा ठेवला आहे.

नमुना उघडला. माझाच तक्ता, माझ्याच मशीनवर, सगळा वाकडातिकडा! दोन दिवस झटापट केली आणि काल वर्ड घेतलं. बाजारपेठेत वर्ड नसलेलं तेवढं माझंच दुकान राहिलं होतं. ते विकणारा दुकानदार म्हणाला, मामा, आला ना शेवटी शहाणपणा! त्याला चार शब्द सुनावणार होतो, पण समोरून आपल्या गावची पोरं दप्तरं घेऊन चालली होती. आता मला धड रागावताही येत नाही.
तुझा सहादूमामा