सरसाच्या काचा

३ नोव्हेंबर

लाल दिव्याची पेटी, काचा धुण्याची तीन तसराळी, वाळवण्याची घडवंची, पडद्याची चौकट आणि उंची कमीजास्त होणारं स्टूल. सगळं माझ्या हातचं, आज टेम्पोतून आणलं. सुताराला हात लावू दिला नाही. बंद पडलेल्या सरसाच्या कारखान्यात शाळेचा फोटो स्टुडिओ उभा करायचं काम मला मिळालं, तेव्हापासून मी जमिनीवर चालत नाही, असं बायको म्हणते. असेल. फोटोग्राफी मला कुणी शिकवली नाही. वीस तारखेला अठ्ठावीस मुलं इथे काचेवर स्वतःचे फोटो उतरवतील.

६ नोव्हेंबर

हाडं-कातडी उकळायच्या कढया गेल्या, वास राहिला. भिंती तीनदा खरवडल्या, चुना दोनदा दिला. फरशीच्या सांध्यांतून तरी तपकिरी चिकटा पाझरतो. माळ्यावर सीलबंद पिंपात जिलेटिनचे पापुद्रे सापडले, मधाच्या रंगाचे. फोटोच्या काचेवरचा लेप याचाच तर करतात. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, टाकून द्या. मी म्हटलं, बाई, हे माझ्यावर सोडा.

९ नोव्हेंबर

पापुद्रे सात पाण्यांतून काढले, वितळवले, चांदीचा क्षार घातला, तीस काचांवर ओतले. पातेल्यात दुधासारखी साय धरली. बोटाने काढली, तर सुरकुतली आणि बोटाला बिलगली. पहिला फोटो बायकोचा. नाक दाबून बसू का, असं तिने विचारलं. फोटो झकास आला, फक्त गालावर एक केस. चित्रात नव्हे, काचेवर. चिमट्याने ओढला. मुळासकट निघाला.

१२ नोव्हेंबर

तीसही काचांवर लव. वस्तऱ्याने भादरल्या. गार पाणी ओतताच लेपावर काटा आला. उष्णता अर्धा अंश चुकली असणार.

१४ नोव्हेंबर

अंगठ्यावरच्या रेघा गेल्या. बोटं सपाट, बुळबुळीत. चौथ्या काचेवर मात्र माझाच अंगठा आहे, भाजल्याच्या डागासकट. जेवताना बायको म्हणाली, हात धुऊन या. चारदा धुतले. ती ताट घेऊन आत निघून गेली.

१६ नोव्हेंबर

कोपऱ्यातल्या काचेवर पिवळं डोकं धरलेला फोड. दाबला — ठणका माझ्या मानेत. पू काचेवरून ओघळला, कोमट. फोडून टाकायला हव्यात सगळ्या. पण तिसाच्या तीस एका जाडीच्या. कुणी ओतून दाखवाव्यात —

१८ नोव्हेंबर

उजवा तळहात काचेला. सुटत नाही. डाव्याने लिहितोय. ओढला तर — सायीसारखं सोलतंय — खाली काही लागत नाही — नुसतं मऊ —

दुपारी बाई आल्या. दारातच उमासा आला त्यांना, रुमाल तोंडाला. हात मी कापडाखाली झाकला. म्हणाल्या, मास्तर, हट्ट सोडा, हे सगळं जाळा, नव्या काचा विकत आणा, बेचाळीस हजार शाळा देते.

म्हटलं, मुलं माझ्याच काचा हातात धरतील.

रुमाल न काढताच म्हणाल्या, बरं, तुमच्या शब्दावर. परवा दहाला मुलांना घेऊन येते.

त्या वळल्या तेव्हा हाक मारायला हवी होती. तोंड उघडलं — ओठ ओठांना —

बेचाळीस हजार देत होत्या. बेचाळीस हजार, आणि मी नको म्ह