आईचा फुकटचा पास

बाबा, आईनं बसचा फुकटचा पास काढला. तुम्ही असता तर काढू दिला नसता, म्हणून आधी माझी बाजू सांगतो. शहरातल्या बसमध्ये माजी सैनिकाला तिकीट नाही, आणि सैनिक गेला असेल तर त्याच्या बायकोलाही नाही, असं निघालं तेव्हा मी नियमांचा कागद आणून शेवटपर्यंत वाचला. बारीक अक्षर आधी वाचावं, हे मला कुठल्या मास्तरनं शिकवलं नाही. पंख्याच्या मोटारी भरायलाही कोणी शिकवलं नाही. जळालेली मोटार उघडली, तारेचे वेढे मोजले, तशीच परत भरली, त्यावर दुकान उभं राहिलं. तर बारीक अक्षरात काही सापडलं नाही आणि माझा संशय तिथूनच वाढला. आज पास देतील, उद्या कुठल्यातरी सभेत पहिल्या रांगेत नेऊन बसवतील. आईला तेच म्हटलं. ती पातोडीचं पीठ घोटत होती. मान वर न करता म्हणाली, "बसवू दे. मागच्या रांगेत तर मी जनमभर बसली."

तुम्हाला अधारतालचा तो टेम्पोवाला आठवतो का? तुम्ही फौजेतून येऊन बँकेच्या दारावर पहाऱ्याला उभे राहायचात, त्या दिवसांतली गोष्ट. मी तुमच्या शेजारी बसलो आहे. टेम्पोवाला म्हणतो, "रहने दो फौजी दादा, आपसे क्या लेना." तुम्ही भाडं त्याच्या मुठीत कोंबता, पुढच्याच वळणावर उतरता आणि मला कांचघर चौकापर्यंत पायी नेता. मी कुरकुरलो तेव्हा म्हणालात, "जो फुकट बसवते ना, त्याला उतरवायचाही हक्क राहते." तुमचं सगळं असंच काटेकोर. तुमच्या सोबतचे सुबेदार होऊन घरी आले, तुमचं वर चढणं राहून गेलं, तुम्ही हवालदारच आलात. काहून, ते कधी बोलला नाहीत. एकदा एक पाहुणा जेवता जेवता तुम्हाला 'सुबेदार साहेब' म्हणाला, तर हातातला घास तसाच ठेवून तुम्ही म्हणालात, "हवालदार." नंतर कोणालाच जेवण गेलं नाही.

आणि आईनं तुमचं नाव कधी घेतलं नाही. आपलं घर विहारात जाणारं, जुन्या रीती तुम्ही एकेक करून बाहेर काढल्यात, ही एक तेवढी निघाली नाही. तुम्ही चिडवायचात, "घे ना नाव, मी काही मरून नाही राहिलो." ती पदर तोंडाला लावून हसायची आणि 'पोराचे बाबा'वर भागवायची. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात कोणी नाव विचारलं की ती माझ्याकडे बघायची, मी सांगायचो. तुम्ही गेल्यावर पेन्शनच्या खिडकीवरही मीच सांगितलं. ते माझं काम होतं. मी ते चोख करायचो, एक अक्षर न गिळता.

पास आल्यापासून ती रोज दुपारी बाहेर पडू लागली. "फुहाऱ्याच्या बाजारात जाऊन येते. दोरा आणायचा आहे." दोरा महाराजपुरात मिळत नाही का? चौकातच मिळतो. आणि शिवणयंत्र आपण कधीच विकून टाकलं. रिळं डब्यात मावेनात, तेव्हा विचारलं, तर उलट मलाच, "काहून विचारून राहिला? फुकट आहे ना." शेजारच्या दीदी सांगत होत्या की अम्माचं बसच्या कंडक्टरशी भारी जमतं. मग मात्र माझं डोकं फिरलं. तो तिच्याकडून कशावर अंगठा घेत असेल, तिच्या पासावर कोणाला फिरवत असेल, काय नाही मनात आलं. ठरवलं, एकदा रंगेहाथ पकडायचं आणि पास नेऊन परत करायचा.

दुकानाचं शटर ओढलं आणि आई चढते त्याच्या पुढच्या थांब्यावरून त्याच बसमध्ये मागच्या दारानं चढलो, तोंडाला गमछा बांधून. तिकीट काढलं, हे सांगायला नको. आई अगदी पुढं बसली आहे, पास हातात उघडा धरून. कंडक्टर, गालफुगा पोरगा, पासाकडे बघतही नाही. म्हणतो, "हाँ अम्मा जी, आज किनके नाम पे सवारी है?" हे रोजचंच असावं, कारण तिच्या मागची बाई आधीच हसून राहिली आहे. आई पदर सावरते, पाठ ताठ करते आणि तुमचं नाव घेते. पूर्ण, तुमच्या वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, मागच्या दारापर्यंत ऐकू येईल असं. आणि त्याच्या आधी लावते, "सूबेदार."

"जय हिंद अम्मा जी, बैठिए," तो सलाम ठोकून म्हणतो.

"बैठी तो हूँ," आई म्हणते, आणि सगळी बस हसते.

बाबा, पासावर हवालदार छापलं आहे. मी स्वतः तपासून घेतलं होतं. गिऱ्हाईक वाइंडिंगला कॉइल म्हणालं तरी मी त्याला थांबवतो, आणि इथं शब्द जिभेवर येऊन बसला होता. मी गमछा जरा वर ओढला. फुहाऱ्याला ती उतरली, थांब्याजवळच्या टपरीवरून एक रीळ घेतलं, रस्ता ओलांडला आणि परतीच्या बसमध्ये चढली. तिथं कंडक्टर दुसरा होता.

संध्याकाळी मी विचारलं, "मिळाला दोरा?" म्हणाली, "मिळाला." पास मी परत केला नाही. या योजनेवर माझा अजूनही भरवसा नाही. जे फुकट बसवतात ते एक दिवस उतरवतील, आणि मग ती कोणत्या दोऱ्याच्या नावानं घराबाहेर पडेल, हा आता नवाच घोर लागला आहे. तुम्ही असता तर तिथल्या तिथं "हवालदार" म्हणाला असता आणि पुढच्या वळणावर उतरला असता, हे मला ठाऊक आहे. हे लिहून झाल्यावर सवयीनं पाकीट घेतलं. तुम्ही छावणीत असताना मी लिहायचो तसं, आधी हुद्दा आणि मग नाव. हात आपोआप सुबेदार लिहून गेला. खोडायला पेन उचललं होतं. पाकीट दुकानात तांब्याच्या तारेच्या गुंडाळीखाली पडलं आहे, तसंच.