धुराचं भाडं

३ ऑगस्ट, सेलम, तामिळनाडू.
आजपासून रोज लिहायचं. नववीत शाळा सुटली, अक्षर सुटलेलं नाही.
कडेगावला मामांना फोन केला. म्हणालो, साक्षीचं नि माझं दिवाळीनंतर उरकून टाकू. मामाचीच पोरगी, नकाराचा प्रश्नच नव्हता. मामा म्हणाले, "गलाईवाल्याला पोरगी द्यायची न्हाई." आणि स्वतः सोळा वर्षं गलाई केली! जुनं सोनं ॲसिडात उकळायचं, तांबडा धूर गिळायचा. त्यातच त्यांना खोकला जडला. मी म्हणालो, "आवं मामा, आता धूर धुवायचं मशीन येतंय दुकानात." मामा म्हणाले, "आलं तर बघू."
म्हणजे होकारच. बोलताना मला ठसका लागला. मिरचीचा.

५ ऑगस्ट.
नाथाजी अण्णांना मशीन घ्यायला लावायचं. मालक असले तरी आमच्या गावचेच. दोन दिवसांचं काम.

१९ ऑगस्ट.
आज विषय काढला. अण्णा म्हणाले, "मशीन तीन लाखाचं. प्रदूषणवाल्यांचा दंड वर्षाला एकदा, पंचवीस हजार. भाडं समज रं धुराचं." क्षणभर मलाही पटलं.
मग मोबाईलवर बघितलेलं सांगितलं, धूर कमी केला की परदेशातले लोक पैसे देतात. अण्णा म्हणाले, "त्यास्नी सांग, मशीनच पाठवा पोस्टानं." दुकानातली सगळी पोरं हसली. मी म्हणालो, मागच्या गल्लीतली लेकरं खोकतात. अण्णा म्हणाले, "ती आपल्या हिशोबात येत न्हाईत."
मी मनावर घेतलं नाही. अण्णा आतून हलले आहेत.

८ सप्टेंबर.
साक्षीचा मेसेज. "मशीन राहू दे. तूच ये गावाकडं. काहीतरी करू." पोरीला बिझनेस कळत नाही. एवढं जुळत आलेलं सोडून कसं जाऊ? "थांब गं, येतंय मशीन" एवढंच लिहिलं आणि हाताचे अंगठे पाठवले, वीस.

१७ सप्टेंबर.
जिंकलो! दंड आता दर दिवसाला लागणार, अशी नोटीस आली. अण्णांनी कॅल्क्युलेटरवर दोनदा गुणाकार केला आणि मशीनची ऑर्डर दिली. नोटीस निमित्त. खरं काम माझ्या बोलण्यानं झालं.

२ ऑक्टोबर.
मशीन बसलं. निळं आहे, भोंग्यासारखं. तपासणीचे साहेब बघून गेले. साहेब कोपऱ्यावर वळले आणि अण्णांनी बटण बंद केलं. म्हणाले, "लाईट बिल कोण भरणार? साहेब येतील तवाच चालू." ठीक आहे. मशीन तर बसलं ना. मामांना फोटो पाठवला. फोटोत बंद-चालू कळत नाही.

१४ ऑक्टोबर.
मामांचा व्हिडिओ कॉल. मी मशीनसमोर उभा राहिलो, केस विंचरून. मामांनी मशीन बघितलंच नाही. म्हणाले, "कबड्डी म्हण. एका दमात."
गावाकडं माझा चाळीस सेकंदांचा दम होता, आख्ख्या तालुक्याला माहीत. मामांच्या मागं साक्षी मोबाईलवर सेकंद मोजत होती.
चौदाला ठसका आला.
मी म्हणालो, नेटवर्क गंडलंय. मामा म्हणाले, "मशीन न्हाई बघायचं मला. तुला बघत हुतो." साक्षीनं मामांचा फोन उताणा ठेवला. बराच वेळ छपराचा पत्रा दिसत होता.

१५ ऑक्टोबर.
रोज सकाळी पाचला पळायचं. महिन्यात चाळीस.

१६ ऑक्टोबर.
आज पळालो नाही. बूट ओले आहेत.

२ नोव्हेंबर.
साक्षीचं ठरलं असं ऐकलं. शिरवळच्या कंपनीतला मुलगा. आईला विचारलं तर म्हणाली, "तिनं तुझी लय वाट बघितली रं." मला आधी कुणी सांगितलं नाही. म्हणजे तिचा मेसेज आला होता. पण तो तसा वाटला नव्हता.

२४ नोव्हेंबर.
तपासणी होती. सकाळी नऊपासून मशीन चालू. खरंच धूर दिसत नव्हता, समोरच्या दुकानाची पाटी वाचता आली. मागच्या गल्लीत पोरं खेळत होती, खोकत नव्हती.
कडेगावात आजच साक्षीची हळद. साहेब कागद भरत होते तोवर मशीनशेजारी उभा राहून दम धरला. कबड्डी मनातल्या मनात. एकोणीस.
चौदाच्या वर गेलो. कुणाला सांगायचं कळेना.
साडेबाराला साहेब गेले. अण्णा आतून ओरडले, "शिवतेज, बटण!"
मीच बंद केलं.