परवानगीशिवाय उडी

४ ऑगस्ट

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही बरं आहे एवढंच म्हणता आणि फोन मामीकडे देता, म्हणून हे पत्र. पत्र तुमच्याच नावाचं आहे, ते तिच्याकडे सरकवता येणार नाही.

आधी माझी बातमी! मला वकीलबाईंच्या ऑफिसात जागा मिळाली. जागा म्हणजे खिडकीजवळचं अर्धं टेबल. उरलेल्या अर्ध्यावर प्रिंटर आहे, तो चालू झाला की माझं अक्षर थरथरतं. घरातली पहिली पदवी म्हणून आई शिंप्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगत सुटली आहे, की काही अडलं तर आमच्या मुलीकडे या. काल एकजण गळक्या नळाची तक्रार घेऊन आला होता.

आता तुमची बातमी, जी तुम्ही सांगितलीच नाहीत. तुमच्या व्यायामाच्या तासाला सातवीतली एक मुलगी पेटीवरून उडी मारताना पडली, तिचं कोपर मोडलं, हे मला आईकडून कळावं? मामा, मी हात बांधून बसणार नाही. तासाच्या वेळात मुलं शाळेच्या हवाली असतात, तेव्हा शाळेनं काय काय काळजी घ्यायची आणि शिक्षकावर किती ढकलायचं, यावर मी दोन दिवसांत चार पानं लिहून काढली. बाईंनी अडीच खोडली, पण उरलेल्या दीड पानाला चांगलं म्हणाल्या! तुमच्याकडे कुणी बोट दाखवायच्या आत मला सगळं सविस्तर लिहा.

मामीला नमस्कार. रागावलात तरी चालेल, उत्तर मात्र धाडा.

तुमची भाची,
तुरतुरी

९ ऑगस्ट

चि. तुरतुरीस,
अ. उ. आ.

पत्र तुझ्या मामीनंच आधी फोडलं. पाकिटावरची नावं ती बघत नाही. तुझ्या नोकरीची बातमी तिनं चष्मा शोधायलाही न थांबता वाचली, यावरून समज. नळ दुरुस्त झाला का तेही कळव, वकीलसाहेब.

झालं ते असं. पेटी तुझ्या ओळखीचीच, छातीइतकी उंच, वर चामडं. मुली एकेक करून पळत येत आणि तिच्यावरून पलीकडच्या गादीवर उडी घेत. मी दाराशी शिपायाशी बोलत होतो. तेवढ्यात या मुलीनं परवानगीशिवाय उडी मारली. आधीच्या मुलीच्या धक्क्यानं गादी सरकलेली, ही सरळ फरशीवर. एक शस्त्रक्रिया झाली, दुसरी व्हायची आहे.

मुख्याध्यापकबाईंनी अहवाल तयार केला आहे. चूक मुलीची, शाळेची जबाबदारी नाही. वीस तारखेच्या संचालकांच्या बैठकीआधी मी सही केली की विषय संपला. मुलीची आई लाँड्रीत इस्त्रीचं काम करते. पुढच्या उपचारांचं तिचं ती बघेल. वाईट वाटतं, पण निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस आणखी काय करणार?

तू डोकं शिणवू नकोस. डबा वेळेवर खा. आमच्यावर जीव आहे तसाच असू दे.

तुझा,
मामा

१३ ऑगस्ट

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी जागच्या जागी नाचले. तुम्ही सुटलात! तशीच धावत बाईंकडे गेले. बाईंनी चहा ढवळता ढवळता एवढंच विचारलं, की तुझ्या मामांच्या तासाला मुली अशा आपल्या मनानं उड्या मारतात का. मला हसूच फुटलं. म्हटलं, मामांच्या शिट्टीशिवाय तिथं कुणी शिंकतसुद्धा नाही. पाचवीत असताना तुम्हाला कुणीतरी बाहेर बोलावलं, तर मी हात वर करून रेघेवर उभीच, तास संपल्याची घंटा होईपर्यंत! वर्षभर सगळे चिडवत होते.

हे सांगता सांगता माझं हसू मध्येच थांबलं. बाई चहा ढवळायच्या थांबल्या होत्या.

मामा, शिट्टी वाजली होती ना?

वकील म्हणून नाही, भाची म्हणून विचारते. कामावर असताना शिक्षकाच्या हातून चूक झाली, तर शाळेला त्यातून अंग काढून घेता येत नाही. म्हणूनच चूक मुलीची ठरवायची एवढी घाई. तुम्ही खरं लिहिलंत तर दुसऱ्या शस्त्रक्रियेची जबाबदारी शाळेवर येईल. तुमचं काय होईल? ठपका येईल. कदाचित नोकरीही जाईल. तसं होणार नाही असं मी सांगू शकत नाही, आणि खोटा धीर मला देता येत नाही. शिट्टी इतर मुलींनीही ऐकली असेल, पण सरांविरुद्ध बोलायची त्यांची हिंमत होईल का?

ते दीड पान मी फाडून टाकलं.

रुसू नका. रुसलात तरी मी तुमचीच.

तुरतुरी

१९ ऑगस्ट

चि. तुरतुरीस,
अ. उ. आ.

दोन दिवस तुझ्यावर चिडलो होतो. मामीला म्हटलं, या पोरीला शिकवलं तेच चुकलं. ती म्हणाली, कायदा कॉलेजनं शिकवला, रेघेवर उभं राहायला तुम्हीच शिकवलंत. आणि भाजी चिरायला निघून गेली.

हो, वाजली होती. शिपायानं आणलेली यादी वाचता वाचता मी सवयीनं शिट्टी फुंकली. गादीकडे पाहिलं नाही. इतक्या वर्षांत एकदा पाहिलं नाही.

काल सातवीचा तास होता. नुसतं धावणं, पेटी कोपऱ्यात. मुली रेघेवर उभ्या, सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे. शिट्टी ओठांत धरली आणि फुंकता येईना. यांतल्या प्रत्येकीनं ऐकली होती ती. शेवटी हातानं खूण केली.

आज माझा जबाब स्वतःच्या हातानं लिहून दिला. मुख्याध्यापकबाईंनी दोनदा वाचला, दार लावून घेतलं आणि विचारलं, की काय लिहिलंय ते कळतंय ना. म्हटलं, कळतंय. उद्या बैठक. भीती वाटते आहे, आणि तरी आज कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

मामा

२१ ऑगस्ट

चि. तुरतुरीस,
अ. उ. आ.

परवाच्या पत्राचं उत्तर यायच्या आत हे दुसरं. धीर धरवेना!

बैठक दोन तास चालली. संचालक आधी माझ्यावर घसरले, मग एकमेकांवर. शेवटी त्यांच्यातले सगळ्यात वयस्कर इंजिनिअर उठले आणि म्हणाले, गादी दाखवा. सगळी बैठक वरात निघावी तशी व्यायामशाळेत आली. त्यांनी बुटाच्या टोकानं ढकलली तर गादी सर्रकन भिंतीपर्यंत गेली. तुरतुरे, शाळेनं जबाबदारी मान्य केली! दुसरी शस्त्रक्रिया, नंतरचे हाताचे व्यायाम, सगळं शाळा करणार. न सरकणाऱ्या गाद्या येणार. पेटी काढली की दोन शिक्षक हजर हवेत. मला लेखी ठपका, आणि वर्षभर पेटीला हात लावायचा नाही. नोकरी राहिली.

मुलीची आई कडेच्या खुर्चीवर होती. मी तिची माफी मागितली. मग तिनं कारकुनाकडे माझ्या जबाबाची प्रत मागितली. त्यानं घाबरून विचारलं, कोर्टात जाणार का. ती म्हणाली, नाही. मुलगी तीन आठवडे घरी एकच घोकते आहे, की आपणच वेड्यासारखी उडी मारली. तिला हे वाचायला द्यायचं आहे.

झेरॉक्सचं मशीन बंद होतं. मी बाहेरच्या बाकावर बसलो आणि सगळा जबाब पुन्हा लिहून काढला. माझं अक्षर तुला माहीत आहे. या वेळी एकेक अक्षर सुटं काढलं, तिला कुठंही अडखळायला नको म्हणून.

अशीच हक्कानं कान धरत जा.

तुझा,
मामा