दहाव्याला आहेर आणावा

मी, प्रफुल्ल सावळीराम देवरे, वय सव्वीस, धंदा मोबाईलला काच लावणे, शिक्षण बारावी (दुसऱ्या वेळेला), मूळ गाव कळवण तालुक्यातलं, हल्ली मुक्काम सिडको, नाशिक, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहितोय. माझं डोकं ठिकाणावर आहे. याचा पुरावा देता येणार नाही, पण उलटा पुरावाही कोणाकडे नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. ताई समोर बसली आहे, पण ती मेथी निवडतेय.

मरायचा माझा विचार नाही. मंगळवारी हर्नियाचं ऑपरेशन आहे. सरकारी योजनेत फुकट होतंय म्हणून करतोय. फुकट आहे तर दोन्ही बाजूंचं करा म्हटलं, डॉक्टर म्हणाले दुसरी बाजू चांगली आहे. मग त्यांनी एका कागदावर सही मागितली. त्यात लिहिलं होतं की माझं काही बरंवाईट झालं तर दवाखाना जबाबदार नाही. "सगळ्यांकडून घेतो, घाबरू नका," असं सिस्टर म्हणाल्या. मी घाबरलो नाही. पण मी गेल्यावर कोण कशाला जबाबदार, हे आपल्या बाजूने पण लिहिलेलं बरं.

कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्याने मृत्युपत्राचे बाराशे सांगितले. मी त्याचा नमुना हातात घेऊन वाचला, नीट फोटो काढला आणि "आईला विचारून येतो" म्हणून निघालो. त्यामुळे भाषा थोडी त्याची, थोडी माझी आहे.

१. घर. घर भाड्याचं आहे, ते मालकाचं मालकालाच देतो. अकरा महिने झाले की तो असाही मागायला येतोच.

२. मोटरसायकल हर्षालीताईला. किक सातव्यांदा लागते. सहाव्यांदा शिवी द्यायची, त्याशिवाय लागत नाही. ताई शिवी देत नाही, म्हणून तिने चालत जावं आणि गाडी विकावी.

३. हत्यारं. दुकानातला बारीक स्क्रूड्रायव्हरचा सेट माझा आहे, दुकानमालकाचा नाही. तो पण ताईला. तिच्या चष्म्याची दांडी ती सेफ्टीपिनने घट्ट करते आणि मला काटकसर शिकवते.

४. पंख्याचं बटन अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना. आईची पोत मी ज्या दिवशी गहाण ठेवली, त्या दिवशी अण्णांनी फक्त पंखा बंद केला. तेव्हापासून मी ज्या खोलीत बसतो तिथला पंखा ते येऊन बंद करतात. माझ्यामागे त्यांनी तो स्वतःसाठी लावावा. उन्हाळा आहे.

५. ड्रोन. आता मुख्य भानगड. दोन वर्षांपूर्वी आईची दोन तोळ्यांची पोत एका फायनान्स कंपनीत ठेवून मी ऐंशी हजार उचलले आणि सेकंडहँड ड्रोन घेतला. लग्नाचं शूटिंग करून सहा महिन्यांत पोत सोडवणार होतो. आईने स्वतः गळ्यातून काढून दिली. पहिलं काम माझा मित्र ज्ञानेश आणि त्याची होणारी बायको स्नेहल यांचं. गंगापूर धरणाच्या कडेला, होडीत. ज्ञानेश फेटा बांधून, हात पसरून उभा. मला वाटलं, ड्रोन जरा खाली आणून फेट्याचा शेमला उडवावा, ज्ञानेश दचकेल, चांगलं दिसेल. शेमला पात्यात गुंतला. पुढे ड्रोन, मागे फेटा, असे दोघे धरणात गेले. स्नेहल इतकी हसली की होडी पण जाते का काय असं झालं.

ज्ञानेशने शूटिंगचे पैसे दिले नाहीत, ते ठीक. पण भाड्याच्या फेट्याचे चारशे माझ्याकडून घेतले, ते ठीक नाही. तर सदर ड्रोन, आहे तिथे आणि आहे त्या स्थितीत, ज्ञानेशला देतो. मे महिन्यात पाणी उतरलं की त्याने स्वतः आत उतरून ताबा घ्यावा. फेटा मात्र माझा आहे, मी त्याचे पैसे भरलेत. सापडला तर घरी आणून द्यावा.

६. बचत. ताई गंगापूर रोडला एका सीएच्या ऑफिसात कामाला आहे. तिकडे लोकांच्या कोटींची बेरीज करते आणि घरी येऊन माझ्या वडापावची. ड्रोन बुडाल्यापासून माझा पगार एक तारखेला तिच्या हातात जातो आणि महिनाभराचा खर्च तिच्या तीन रकान्यांत. गरज, चैन आणि मूर्खपणा. कुठलं काय, ते तीच ठरवते. केस कापणं गरज. कापताना न्हाव्याने "मसाज मारू का दादा" विचारल्यावर हो म्हणणं मूर्खपणा. रविवारच्या मिसळीवर तीन रविवार सुनावणी चालली. शेवटी मिसळ गरजेत आली, कारण आपण नाशिकला राहतो. वरची जिलबी चैनीत गेली.

तिच्यावर माझा राग आहे, तो इथे लिहून ठेवतो. पण दुकानात रोज पिग्मीवाला येतो, त्याच्याकडे तिने जबरदस्तीने पैसे टाकायला लावले, त्यातून कर्ज उतरत आलं. आता पोत सोडवायला एकतीस हजार लागतात आणि पिग्मीत साडेएकवीस आहेत. साडेनऊ कमी. एकतीस मार्चच्या आत भरले नाहीत तर पोत लिलावात जाणार, तशी नोटीस आली आहे. सोन्याचा भाव तुम्हाला माहीत आहे. मी ठेवली तेव्हाच्या पैशात आता अर्धी पोत येणार नाही.

पिग्मीतले सगळे पैसे पोतीसाठी. दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. माझ्या तेराव्याला गोड करायचं नाही, ते पण चैनीत धरावं.

७. आहेर. हे कलम सगळ्यांनी नीट वाचावं, कारण यात तुमचा हिशोब आहे.

मागच्या लग्नसराईत ताईला कळेना की पाचशे एकचं पाकीट कुठल्या रकान्यात टाकायचं. तिने ते मूर्खपणात टाकलं. आई पोळी लाटता लाटता उठून आली.

"आहेर मूर्खपणात? अगं, याच्या लग्नात त्येच लोक तेवढंच परत करणार हायेत."

"याचं लग्न कोण करतंय आई?"

"ते बघू पुढं. पण आहेर बुडत नाय."

मग ताईने माझ्यासाठी चौथा रकाना पाडला. येणे. दोन लग्नसराईत मी एकोणीस लग्नं जेवलो आणि एकोणीस पाकिटं दिली. त्यातल्या चार लग्नांत जेवण संपलं होतं, तरी दिलं.

आता दवाखान्याचा कागद बघून माझ्या लक्षात आलं ते असं. मी मंगळवारी टेबलावरच गेलो, तर लग्नाचा प्रश्न मिटला. लग्न नाही तर आहेर नाही. म्हणजे तुम्ही एकोणीस जण माझे पैसे खाऊन, वर रामकुंडावर येऊन, रुमालाने डोळे पुसणार. हे चालणार नाही.

तर माझी शेवटची इच्छा अशी की सदर एकोणीस जणांनी माझ्या दहाव्याला आहेर आणावा. टॉवेल-टोपी आणू नये. अण्णांकडे टोप्या पुष्कळ आहेत. पाचशे एक, रोख, पाकिटावर नाव घालून. एकोणीस पाकिटांचे साडेनऊ हजार होतात आणि वर एकोणीस रुपये उरतात, त्याचा अण्णांनी चहा प्यावा. दहावा सव्वीस तारखेला येतो, एकतीसच्या आत बसतो. मी तारीख बघूनच ऑपरेशन घेतलंय.

जो येणार नाही त्याच्या पुढच्या प्रत्येक कार्यात आमच्या घरातले चौघं, म्हणजे तोपर्यंत तिघं, जेवायला येतील आणि पाकीट देणार नाहीत.

८. दीपकमामा, येवला. मामा मागच्या रविवारी मला बघायला आले होते. दोन वेळा जेवले. मी म्हटलं, "मामा, साडेनऊ हजार पाहिजे होते, पोतीला."

मामा म्हणाले, "पैसा हा प्रश्नच नाही रे. तुमच्या पिढीला शिस्त नाही, हा प्रश्न आहे."

"मग साडेनऊ हजाराची शिस्त द्या."

मामांनी हात धुतले आणि पाच वाजताची एसटी धरली. याच मामांनी सहा महिन्यांत दामदुप्पट देणाऱ्या एका माणसाकडे कांद्याचे पैसे ठेवले होते. तो माणूस कुठे आहे ते मामांना माहीत नाही, पण त्याला शिस्त होती, असं ते अजून म्हणतात. मामांना मी ताईच्या तीन रकान्यांतला शेवटचा रकाना देतो. रिकामा नाही, पण जागा आहे.

९. संतोष. हा माझा मित्र. याच्या हळदीला डीजेवाली पोरं पैशावरून भांडून निघून गेली आणि त्यांचा स्पीकर मंडपातच राहिला. संतोषची बायको म्हणाली हा इथून हलवा. संतोषच्या अंगाला हळद, म्हणून उचलला मी. तेव्हापासून माझ्या पोटात जे आहे ते संतोषमुळे आहे. त्याला साक्षीदार म्हणून बोलावलं तर म्हणतो, "साक्षीदाराला काही मिळत नसतं ना? मला काही ठेवलं असशील तर सही चालणार नाही."

"तुला हर्निया ठेवला होता, पण तो डॉक्टर काढून घेणार आहेत."

"मग चालेल," म्हणाला, आणि ताईकडे चहा मागितला.

१०. कावळा. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, तर लोक काहीही बोलायला लागतात. लग्न राहिलं म्हणतील. संतोष मिसळ आणून ठेवील, वर जिलबी. काही उपयोग होणार नाही. मी आताच सांगून ठेवतो.

पोत फायनान्स कंपनीत गेल्यापासून आई कळवणला एकाही लग्नाला गेलेली नाही. गुडघे दुखतात म्हणते. भाजीबाजारात आणि जिन्यावर दुखत नाहीत, फक्त लग्नात दुखतात. गळ्यात बाजारातली पिवळी माळ घालते आणि बाहेर कोणी बाई भेटली की पदर पुढे ओढते. वरच्या मजल्यावरच्या गोजराबाईंनी एकदा विचारलं, "लताबाई, पोत नवी केली का?" आई म्हणाली, "पॉलिश केली." त्या रात्री जेवणात मीठ नव्हतं आणि कोणी मागितलं नाही.

म्हणून कावळ्याला दुसरं काही विचारू नये. आईच्या गळ्यात पोत दाखवावी, मग तो येईल. नाहीतर बसा घाटावर.

११. मी जगलो तर. डॉक्टर म्हणतात जगशील, पाडव्याला घरी. तसं झालं तर दिलेला आहेर परत मागू नये, तो माझ्या लग्नाचा ॲडव्हान्स धरावा. ज्यांनी दिला त्यांच्या पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" असं छापीन. बाकीच्यांच्या पत्रिकेवर काही छापणार नाही, आणि आईला सांगून दाराजवळ खुर्ची टाकीन.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी हर्षालीताईने करावी. ती करेलच, पण स्वतःच्या मनाने. ती माझ्या जिवंतपणीही ऐकत नव्हती.

दुरुस्ती. वरचं सगळं मी आत्ता घरात मोठ्याने वाचून दाखवलं. ताई हसली, मेथी सांडली. अण्णा उठून पंख्याकडे गेले आणि तसेच परत येऊन बसले. आई हसली नाही.

"परत दहाव्याचं नाव काढलं तर ही परात डोक्यात घालीन," म्हणाली.

"आई, गंमत आहे."

"मेल्यावर मागायची अक्कल हाय. जित्यापणी मागाया काय होतं?"

"दिलेला आहेर कोणी मागतं का? लाज वाटते."

"तुला कवापासून लाज वाटाया लागली? दवाखान्यात बघायला येतीलच ना समदे? नारळपाणी नको म्हणावं, पाकीट आण. मीच बसते दाराशी, वही-पेन घिऊन. नाव लिहून घेते एकेकाचं, लग्नात घेत्यात तसं."

ताई म्हणाली, "आई, बायका विचारतील कशाला पैसे."

"सांगीन, पोत गहाण हाय. पोराने ठेवली न् पोरगाच सोडवतोय. झाकून झाकून मान दुखाया लागली माझी."

यावर अण्णांनी उठून पंखा लावला. पाचवर.

तेव्हा कलम सातमध्ये जिथे जिथे "दहाव्याला" लिहिलंय, तिथे ते खोडलं असं समजून "बुधवारी, दवाखान्यात, भेटायच्या वेळेत" असं वाचावं. टॉवेल-टोपीऐवजी नारळपाणी वाचावं, तेही आणू नये. कलम दहा कावळ्यासह रद्द. बाकी सगळं कायम, ड्रोनसकट. लग्नाला न जाणारी माझी आई दवाखान्याच्या दाराशी वही घेऊन बसणार आहे, हे मला स्वतःला बघायचंय. त्यामुळे मंगळवारी काही झालं तरी शुद्धीवर यावं लागेल.

हे मी राजीखुशीने लिहिलं, वाचलं, ओरडा खाल्ला, आणि मग सही केली.

ठिकाण: सिडको, नाशिक
तारीख: १४ मार्च २०२६, शनिवार

सही: प्र. सा. देवरे

साक्षीदार पहिली: गोजराबाई, वरचा मजला. माझ्यासमोर सही झाली. पोतीचं मला तेव्हाच कळलं होतं. मी कोणाला बोलले नाही.

साक्षीदार दुसरा: संतोष. सही माझ्यासमोर झाली. बुधवारी मला ड्युटी आहे म्हणून आहेर आत्ताच काकूंच्या हातात दिला. पाचशे. सुट्टा रुपया नव्हता. तो दहाव्याला देईन, घाई नाही.