पकड बसायला वेळ लागतो

प्रिय भांडकुदळ,

शुक्रवारी घटस्फोटाच्या कागदांवर सह्या करायला आपण वकिलीणबाईंकडे भेटणारच आहोत, मग आधी पत्र कशाला, असं तू म्हणशील. खरं म्हणजे म्हणणार नाहीस. हल्ली तू काहीच म्हणत नाहीस. म्हणूनच कागद घेतला. समोर बसून बोलले तर तू मान डोलावशील, आणि ती डोलणारी मान दिसली की माझं पुढचं बोलणंच खुंटतं.

इथे धाकट्या बहिणीकडे बरं चाललंय. तिने मला खिडकीजवळची खोली दिलीय, आणि मी पसारा केला की माझ्यावर ओरडते. ते मला आवडतं. तब्येत ठीक आहे. टाक्यांच्या खालची कातडी मात्र अजून बधिर आहे, अंघोळीचं पाणी तिथे गरम की गार ते कळत नाही. माझं बाकीचंही साधारण तसंच आहे. रडू येत नाही, राग येत नाही, भूक लागते ती घड्याळ बघून.

गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेत एक प्रकार झाला. आमचं काम तुला तोंडपाठ आहे, पण मास्तरीण म्हणून चिडवायचास ना, तर परत ऐक. यकृताच्या पेशी एकमेकींना आणि खालच्या जाळीला काही प्रथिनांनी धरून असतात. पुस्तकात त्यांना मोठी नावं आहेत, आम्ही आपलं नुसतं 'पकड' म्हणतो. बशीत नव्याने सोडलेल्या पेशींची पकड बसायला काही तास लागतात, तोवर बशीला हात लावायचा नाही. मग हलक्या हाताने धुवायचं, म्हणजे मेलेल्या वाहून जातात आणि धरून बसलेल्या राहतात. किती नव्या मुलींना हे मी दरडावून शिकवलंय. आणि त्या दिवशी मीच, पेशी सोडल्या न सोडल्या तोच, सगळ्या बश्या धुऊन मोकळी झाले. सगळ्यांची सकाळपासूनची मेहनत पाण्यात गेली. शेजारच्या टेबलावरची मुलगी माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आता ही स्वतःवरच भडकणार म्हणून. मला काहीच झालं नाही. बश्या कचऱ्यात टाकल्या आणि चहा प्यायला गेले.

चहा पिताना तू आठवलास, पूर्वीचा. लिफ्ट दुरुस्त करायला जायचास आणि आत अडकलेल्या माणसांशी बंद दारातून वाद घालून, चूक त्यांचीच कशी ते पटवून, मग त्यांना बाहेर काढायचास. माझ्याशी तर पंख्यावरून, मिठावरून, ओल्या टॉवेलवरून. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीही आपण भांडलो होतो, कारण तुला माझ्या यकृताचा तुकडा नको होता. चेहरा पिवळाधमक, उठून बसायचं बळ नाही, आणि जीभ मात्र कात्रीसारखी. मी जिंकले. ते आपलं शेवटचं भांडण.

मग तू बरा झालास, आणि दवाखान्यातच आईंनी तुला बजावलं की आता हिच्या शब्दाबाहेर जायचं नाही. त्याच आईंनी महिन्याभरात माझ्या चादरींच्या घड्यांवर बोट ठेवलं आणि मला खरंच हायसं वाटलं, पण तू मात्र त्यांचं दवाखान्यातलं बोलणं काळ्या दगडावरची रेघ समजलास. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचास, हिच्यामुळे जगलो. भाजी अळणी झाली तरी गुपचूप खायचास. शेवटी बेडरूमला मी मुद्दाम भडक पोपटी रंग निवडला, निदान आता तरी तोंड उघडशील म्हणून. तू पोटाला पट्टा बांधून स्वतः भिंत रंगवलीस आणि छान दिसतंय म्हणालास. ती भिंत बघून मला मळमळायचं. तुलाही मळमळत असणार.

यकृत कापलं की कापलेला तुकडा परत उगवत नाही, उरलेलं वाढतं. त्यासाठी पेशींना शेजारणीवरची पकड आधी जरा सैल करावी लागते, नाहीतर एकीच्या दोन कशा होणार. अगदीच सोडली तर मरतात. आणि पुरे झालं, आता थांबा, हा निरोपही त्या पकडीतूनच पोचतो. ज्या उंदरांत निरोप पोचवणारं एक प्रथिन नसतं, त्यांचं यकृत वेळेवर थांबत नाही, मापाबाहेर वाढतं. तुझी आणि माझी यकृतं शहाण्यासारखी वाढून थांबली, तपासणीत दिसलंय ते. तुझं उपकार मानणं तेवढं थांबलं नाही.

त्या संध्याकाळी जेवताना मी वेगळं होऊया म्हणाले, तेव्हा मला ते खरंच हवं होतं का, मला माहीत नव्हतं. आजही नाही. तू चमचा खाली ठेवलास, तुला हवं तसं म्हणालास, आणि दुसऱ्याच दिवशी वकिलीणबाईंचा नंबर शोधून आणलास. काल त्यांचा फोन आला होता. दोघांची राजीखुशी आहे ना, एवढंच त्यांनी विचारलं. माझ्यापुरतं मी काहीतरी बोलले. तुझ्याबद्दल मला सांगताच येईना. इतकी वर्षं संसार केला, आणि तुला काय हवंय हे मला ठाऊक नाही. तेवढं विचारायला हे पत्र. मी कटकटी आहे, तुला नकोशी झालेय, असं असेल तर खुशाल सही कर. मी वाईट वाटून घेणार नाही, सध्या मला ते जमतही नाही. घटस्फोट नको असेल तर इथे येऊन भांड, धाकटीच्या दारात उभा राहून भांड, शेजारीपाजारी जमले तरी चालतील. पण माझ्या यकृताच्या तुकड्याची परतफेड म्हणून मला घटस्फोट देऊ नकोस.

तुझीच,
मास्तरीण