राणी हेमांगदेने कारण सांगितलं नाही, मी सांगते

मी, जतनबाई चंपालाल छाजेड, वय त्र्याहत्तर, धंदा खाकरे व मुगाचे पापड, राहणार पिंप्राळा, जळगाव, आज स्वखुशीने माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यावर ज्यांचा भरवसा नसेल त्यांनी गेल्या रविवारी माझ्या पुढच्या खोलीतल्या वादात कोण हरलं याची चौकशी करावी. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकायचा प्रयत्न दोघांनी केला, ते पुढे येईलच. याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. कुठे सापडलंच तर ते रद्द समजावं.

कलम १. मिळकतीचं वर्णन. पिंप्राळ्यातलं हे राहतं घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. प्लॉट ह्यांनी, म्हणजे कै. चंपालाल यांनी, लग्नानंतर माझ्या नावाने घेतला आणि वर घर उभं राहिलं ते खाकऱ्यांवर. पूर्वेस कॉलनीचा रस्ता, पश्चिमेस चुडामणभाऊंचं घर, दक्षिणेस गल्ली, उत्तरेस रिकामा प्लॉट, ज्यात लोक कचरा टाकतात आणि मी ओरडते. माझ्यानंतर कोणीतरी ओरडत राहावं.

कलम २. वरचा मजला, खालचं स्वयंपाकघर व मागची खोली, पोस्टातली ठेव आणि माझे दागिने माझी नात जिनल पुनीत छाजेड हिला द्यावेत. जिनल शाळेसाठी दोंडाईचाहून माझ्याकडे राहायला आली. दहावीत तिला कावीळ झाली, वाचायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि तिने उशाखालून एक जाडजूड पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. "दादी, तू वाच, मी ऐकते." मला वाटलं पुराण असेल. ती 'नऊ वेशींची बखर' निघाली, पहिला खंड. जिनल बरी होऊन परीक्षेलाही बसली, पण मी काही त्या पुस्तकातून उठले नाही.

जिनलला पुढची खोली का दिली नाही, असं तिची आई विचारेल. जिनल माझ्या प्रत्येक मताला हो म्हणते. गुणी पोर आहे, पण तिच्याशी वाद घालता येत नाही.

कलम ३. खाकऱ्याचे तवे, शेगडी, लाटणी, पाट आणि खाकरा दाबायचे लाकडी दट्टे हे सगळं ज्योतीला द्यावं. ती माझ्याबरोबर लाटायला बसते आणि माझ्यापेक्षा पातळ लाटते. हे मी तिला तोंडावर कधी सांगितलं नाही, कारण तिचा हात सैल पडला असता.

कलम ४. बखरीच्या पाचव्या खंडाची माझी प्रत आमच्या वाचनगटातल्या शिरपूरच्या झुलालभाऊंना द्यावी. खंड बाजारात आला त्याच दिवशी त्यांनी मला मुद्दाम फोन करून शेवट सांगितला आणि वर हसले. त्यामुळे त्या प्रतीची शेवटची पानं अजून कोरी करकरीत आहेत, मी उघडलीच नाहीत. दरवर्षी संवत्सरीला मी जगातल्या सर्व जीवांची क्षमा मागते आणि सर्वांना क्षमा करते. झुलालभाऊंनाही करते. प्रत मात्र त्यांच्या घरी पोचवावी, म्हणजे कपाटात रोज दिसेल.

कलम ५. आता मुख्य गोष्ट. वकील मेघाताई म्हणाल्या, "अक्का, एका ओळीत लिहा. पुढची खोली अमक्याला दिली, बास. कारणं लिहिली की कोणीतरी त्यातच खोट काढतं." त्यांचा अनुभव मोठा आहे, तरी मी हे मानणार नाही. एका ओळीने काय होतं ते मी पाच खंड वाचलं आहे.

ज्यांनी बखर वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नऊ वेशींचं एक नगर आहे. राणी हेमांगदा मरायला टेकते आणि उत्तर वेशीची किल्ली पोटच्या मुलाला, रणशूलला, देत नाही. ती देते तिमिराला. तिमिरा म्हणजे शत्रूची मुलगी, लहानपणी ओलीस आणून किल्ल्यात वाढवलेली. राणीच्या आज्ञापत्रात एकच ओळ असते, 'किल्ली तिमिराकडे.' कारण नाही, आशीर्वाद नाही. रणशूल अपमान गिळून निघून जातो आणि चौथ्या खंडात फौज घेऊन आईच्याच नगराला वेढा घालतो. राणी बरोबर की चूक, यावर आमचा गट वर्षानुवर्षं भांडतो आहे. लेखिकाबाईंनी सहावा खंड अजून दिलेला नाही, म्हणून निकाल लागत नाही. माझं मत पहिल्यापासून एकच आहे. राणी चुकली.

राणी बरोबर, असं म्हणणाऱ्यांची पुढारी धुळ्याची मृणाली प्रशील अहिरे. शाळेत भूगोल शिकवते. तिचं म्हणणं असं की रणशूल ती वेस विटांनी बुजवणार होता, दुसऱ्या खंडात तो स्वतःच तसं बोलतो. आणि ती बुजली असती तर नदीपलीकडच्या मिठाच्या तांड्यांनी जायचं कुठून? वेस उघडी ठेवील अशी एकच व्यक्ती होती, तिमिरा.

आमची तोंडओळखसुद्धा नव्हती, नुसता मोबाईलवरचा गट होता. एका भाद्रपदात मी रिवाजाप्रमाणे गटावर लिहिलं, 'माझ्या बोलण्याने कोणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.' आम्हा जैनांत हे सगळेच सगळ्यांना म्हणतात. पण धुळेकरांना वाटलं, बाईंनी हार मानली. अभिनंदनांचा पाऊस पडला. रविवारी मृणाली पेढ्यांचा पुडा घेऊन एसटीने माझ्या दारात हजर!

"अक्का, मोठ्या मनाने मान्य केलंत, मला भेटावंसंच वाटलं."

मी म्हटलं, "बाई, क्षमा मागितली ती दुखावलं त्याबद्दल. मताबद्दल एक अक्षर मागे घेतलेलं नाही. पेढे ठेव, आत ये आणि बस."

ती बसली ती संध्याकाळपर्यंत. मला सूर्यास्ताआधी जेवायचं असतं म्हणून वाद तेवढ्यावर थांबला, नाहीतर तिची शेवटची गाडी चुकलीच असती. तेव्हापासून दर रविवारी पुढची खोली उघडी असते. जळगावचे येतात, धुळ्याचे येतात, कॉलेजातली पोरं येतात. चुडामणभाऊंनी एकही खंड वाचलेला नाही, तरी ते भिंतीला टेकून बसतात आणि दोन्ही बाजू तापल्या की म्हणतात, "अक्का, मना मते तुम्ही दोन्हीजनी खऱ्या शेतस. आते खाकरा द्या."

हे, म्हणजे चंपालाल, गेले तेव्हा लोक येऊन तीच ती वाक्यं बोलून जायचे. मी ऐकून घ्यायचे, पण माझ्या कानांत काही शिरत नव्हतं. केस विंचरणं सोडलं होतं. मृणाली आली, समोर बसली, सांत्वनाचा एक शब्द बोलली नाही. तिसरा खंड उघडून म्हणाली, "अक्का, राणीला दुसरा मार्ग होता म्हणता ना? कुठला होता ते दाखवा." मला इतका राग आला की मी उठले, केस बांधले, चष्मा शोधला आणि दाखवला. त्या दिवशी मी जेवलेसुद्धा. त्या पोरीचे उपकार मी कुठल्या शब्दांत लिहू?

म्हणून लिहिते की, रस्त्याकडची पुढची खोली, तिचं स्वतंत्र दार, आतलं पुस्तकांचं कपाट, सतरंजी व खुर्च्या यांसह, मृणाली प्रशील अहिरे हिला कायमची मालकी हक्काने द्यावी. ती बौद्ध घरातली, आम्ही ओसवाल जैन, त्यात ती परगावची. भावकीत काय बोललं जाईल ते मला न ऐकताच ठाऊक आहे. बोलणाऱ्यांनी रविवारी यावं आणि खोलीत बसून बोलावं, खाकरा मिळेल.

कलम ६. खोलीचे नियम मृणालीने पाळावेत अशी माझी इच्छा आहे. सक्ती नाही. जो अजून दुसऱ्या खंडातच आहे त्याच्यासमोर पुढे कोण मरतं ते बोलू नये. 'एवढं काय, गोष्टच तर आहे' असं म्हणणाऱ्याला आधी चहा द्यावा, मग उत्तर. सहावा खंड माझ्यानंतर आला तर माझ्या फोटोसमोर वाचन ठेवू नये, फोटो काही ऐकत नसतो. राणी बरोबर होती असं त्यात निघालं तर तसं सभेत जाहीर करावं, आणि लेखिकाबाईंचीही चूक होऊ शकते हेही त्याच सभेत जाहीर करावं.

कलम ७. चिरंजीव पुनीत यास.

पुनीत, ह्या कागदाने तुला काहीही मिळत नाही. दोंडाईचाचं कापडाचं दुकान आणि वरचं घर तुझ्या वडिलांनी हयातीतच तुझ्या नावावर केलं, ते योग्यच झालं, तू ते वाढवलंस. मेघाताई म्हणत होत्या तेवढंच लिहा, 'मुलास यापूर्वीच दिलेले आहे.' ते खरं आहे, पण कारण ते नाही.

कारण तू स्वतःच सांगितलंस. दिवाळीत आलास तेव्हा खोलीत उभा राहून म्हणालास, "मम्मी, रस्त्याला लागून जागा आहे. शटर पाडू, मोबाईलवाला आजच तयार आहे. पुस्तकं माळ्यावर टाकू. जे कधी झालंच नाही त्याच्यावर तुम्ही लोक भांडता."

तू लपवलं नाहीस, हे मला आवडलं. उत्तर तेव्हा दिलं नाही, पोरं जेवायला बसली होती. आता देते. जे झालेलं आहे त्यावर भांडून आपल्या भावकीत किती घरं तुटली ते तू पाहिलं आहेस. राणी हेमांगदेवरून अजून कोणाचं घर तुटलेलं नाही. भांडून लोक रविवारी परत येतात. मला ती जागा हवी आहे, मी नसले तरी हवी आहे.

तुला अट घालून खोली दिली असती तर तू पाळलीही असतीस. शब्दाचा पक्का आहेस. पण दर रविवारी माझ्या नावाने कपाळावर आठी आली असती, आणि ती मला नको होती.

मृणाली हे वाचून म्हणेल, "काय अक्का, आलात ना शेवटी राणीच्या बाजूला?" नाही. माझं मत जागच्या जागी आहे. किल्ली तिमिराला दिली, हा माझा आक्षेप कधीच नव्हता. पोराला जवळ बसवून कारण सांगितलं नाही, हा आक्षेप. आई आज्ञापत्र मागे ठेवून निघून गेली आणि त्याने आयुष्यभर एकच अर्थ लावला, की मी आईला नकोसा होतो. तसं नव्हतं. कुठल्याच आईच्या बाबतीत ते सहसा तसं नसतं.

तू मला नकोसा नाहीस. तू माझा मुलगा आहेस. तुला लागणार, हे मला कळतं. त्याबद्दल तुझी क्षमा मागते. निर्णयाबद्दल मागत नाही. मला भीती एकाच गोष्टीची आहे, तू येणं बंद करशील. भीती आहे म्हणून निर्णय फिरवणार नाही.

कलम ८. हा कागद मी कपाटात ठेवणार नाही. पुनीतला बोलावलं आहे, आज सकाळच्या गाडीने तो येतो आहे. त्याच्यासमोर हे मी पहिल्या अक्षरापासून मोठ्याने वाचणार आहे. मध्ये उठला तर पुन्हा पहिल्यापासून वाचीन. मेघाताईंनी सांगितलं की साक्षीदार असा बरा, ज्याला कागदातून काही मिळत नाही. मग पुनीतइतका बरा साक्षीदार मला कुठे मिळणार? साक्षीदाराची एक जागा त्याच्यासाठी ठेवली आहे. त्याने सही केली नाही तर मेघाताईंनी दुसरा साक्षीदार पाहावा. वरचं एक अक्षर बदलणार नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. मेघाताईंनी करावी.

ठिकाण: पिंप्राळा, जळगाव
दिनांक: १४ डिसेंबर २०२५, रविवार

लिहून ठेवणार
(सही) जतनबाई चंपालाल छाजेड

जतनबाईंनी आम्हा दोघांच्या देखत, पूर्ण समजून सही केली. आम्ही त्यांच्या व एकमेकांच्या देखत सही करतो.

साक्षीदार
(सही) चुडामण दौलत पाटील, राहणार पिंप्राळा

साक्षीदार
(सही) पुनीत चंपालाल छाजेड, राहणार दोंडाईचा

(सहीखाली, पुनीतच्या हस्ताक्षरात) मम्मीने वाचलं, मी न उठता ऐकलं. कारण कळलं. पटलेलं नाही. आणि एक, राणीने कारण सांगितलं असतं तरी रणशूल चिडून निघूनच गेला असता, हे माझं मत आहे. पण परत आला असता. फौज न घेता.